मागच्या बाकावरच्यांचा डॉक्टर

न्यूनगंड हा शब्द मराठी घरांत इतका रुळला आहे, की तो कोणा एका माणसाच्या विचारातून जन्माला आला असेल हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मुलगा चारचौघांत बोलायला बिचकला, मुलगी वर्गात हात वर करीनाशी झाली, की आईवडील हा शब्द उच्चारून मोकळे होतात. जणू निदान झाले, आता पुढे करण्यासारखे काही उरले नाही. ज्याने ही कल्पना जगभर नेली त्याचे म्हणणे मात्र नेमके उलटे होते. त्याच्या दृष्टीने हा शब्द कामाची सुरुवात होता, शेवट नव्हे. आणि ते काम दवाखान्यात नव्हे, तर शाळेच्या वर्गात करायचे होते. व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अ‍ॅडलर यांचे आयुष्य म्हणजे या एका आग्रहाची कहाणी आहे.

आल्फ्रेडचा जन्म ७ फेब्रुवारी १८७० रोजी व्हिएन्नाच्या वेशीवरील रुडोल्फ्सहाइम या उपनगरात झाला. वडील लिओपोल्ड हे धान्याचे व्यापारी. ज्यू कुटुंब, खाऊनपिऊन बरे, पण श्रीमंत नव्हे. घरात भावंडे पुष्कळ. थोरला भाऊ सिग्मंड धडधाकट आणि चपळ, तर धाकट्या आल्फ्रेडला मुडदूस झालेला. त्याची सर्वांत जुनी आठवण याच दुखण्याची होती. पायांना पट्ट्या बांधलेला तो बाकावर बसला आहे आणि समोर थोरला भाऊ हुंदडतो आहे, असे ते चित्र. चार वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट चालता आले नाही. त्याच सुमारास धाकटा भाऊ रुडॉल्फ शेजारच्या बिछान्यात दगावला. पुढे आल्फ्रेडला स्वतःला न्यूमोनिया झाला. आलेल्या डॉक्टरांनी आशा सोडली आणि वडिलांना तसे सांगितले. ते शब्द अंथरुणावरच्या पोराच्या कानावर पडले. आपण जगलो तर डॉक्टर व्हायचे, हे त्याने तेव्हाच ठरवले, असे अ‍ॅडलर पुढे सांगत.

अशा हकिकती थोरांच्या चरित्रांत नेहमीच आढळतात आणि त्या कितपत खऱ्या मानाव्यात, हा प्रश्न पडतो. गंमत म्हणजे त्याचे उत्तर अ‍ॅडलर यांनीच देऊन ठेवले आहे. शाळेत जाताना वाटेत एक स्मशानभूमी लागे आणि तिची आपल्याला फार भीती वाटे, असे त्यांना आठवत होते. एके दिवशी दप्तर बाजूला ठेवून ते त्या स्मशानभूमीतून भीती मोडेपर्यंत पुन्हा पुन्हा धावत राहिले होते. वयाच्या पस्तिशीत त्यांची एका जुन्या वर्गमित्राशी गाठ पडली. त्या वाटेवर स्मशानभूमी कधीच नव्हती, असे त्या मित्राने सांगितले. दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. अ‍ॅडलर यांना मात्र त्यात एक सूत्र सापडले. आठवण खरी की खोटी याला फारसे महत्त्व नाही. माणूस कोणती आठवण निवडतो, प्रसंगी कोणती रचतो, त्यावरून तो आयुष्याकडे कसा पाहतो ते कळते. पुढे आलेल्या प्रत्येकाला ते त्याची सर्वांत जुनी आठवण विचारू लागले.

शाळेत हा मुलगा चमकला नाही. माध्यमिक शाळेतले पहिलेच वर्ष त्याला पुन्हा करावे लागले. गणिताशी तर उभा दावा होता. या मुलाला शाळेतून काढा आणि जोडे शिवण्याच्या कामाला लावा, दुसरे काही त्याच्या हातून व्हायचे नाही, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला. लिओपोल्ड यांनी तो मानला नाही. त्यानंतर मुलगा गणितामागे लागला. एके दिवशी फळ्यावरचे एक गणित खुद्द शिक्षकांनाही सुटेना, तेव्हा आल्फ्रेडने ते सोडवून दाखवले. या प्रसंगाचा उल्लेख अ‍ॅडलर यांनी आयुष्यभर केला, पण आपण हुशार होतो हे सांगण्यासाठी नव्हे. गणिताचे डोके जन्मतः असते किंवा नसते, या समजुतीत आपणही अडकलो होतो आणि सुदैवाने सुटलो, असे त्यांचे म्हणणे होते. उपजत गुणांच्या कल्पनेवर त्यांचा राग कायम राहिला. तो कधी कधी अतिरेकाला जाई, हेही खरे.

१८९५ साली व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली. सुरुवातीला त्यांनी डोळ्यांचे डॉक्टर म्हणून काम केले आणि मग सर्वसाधारण रुग्ण तपासू लागले. दवाखाना लिओपोल्डश्टाट भागात होता. जवळच प्राटर हे जत्रेचे मैदान असल्यामुळे रुग्णांत कसरतपटू आणि खेळ करणारी मंडळी असत. त्यांच्यातल्या काहींनी लहानपणच्या शारीरिक दुबळेपणावर मात करूनच ती ताकद कमावली आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. १८९८ साली त्यांनी शिंपीकाम करणाऱ्यांच्या आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. माणसाचा आजार त्याच्या राहणीपासून आणि कामाच्या जागेपासून वेगळा काढता येत नाही, हा त्याचा रोख होता. त्याआधीच्या वर्षी त्यांचा राइसा एप्स्टाइन या रशियन तरुणीशी विवाह झाला होता. राइसा स्पष्टवक्त्या, समाजवादी विचारांच्या आणि स्वतंत्र वृत्तीच्या होत्या. व्हिएन्नात आश्रयाला आलेल्या ट्रॉट्स्की कुटुंबाशी त्यांचा घरोबा होता. या दांपत्याला चार मुले झाली. थोरली मुलगी व्हॅलेंटाइन १८९८ ची.

१९०२ साली सिग्मंड फ्रॉईड यांनी काही डॉक्टरांना आपल्या घरी चर्चेसाठी बोलावले. दर बुधवारी बैठक भरू लागली. पहिल्या चार-पाच जणांत अ‍ॅडलर होते. त्यांना फ्रॉईड यांचे शिष्य म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण त्यांनी स्वतः ती कधी मान्य केली नाही आणि वस्तुस्थितीही तशी नव्हती. १९०७ साली त्यांनी शरीरातील एखाद्या अवयवाच्या कमकुवतपणावर आणि तो भरून काढण्याच्या माणसाच्या धडपडीवर पुस्तक लिहिले. पुढे हा विचार शरीराकडून मनाकडे वळला. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहान असते, त्यामुळे प्रत्येकाला कमीपणा जाणवतोच. ही जाणीव हा रोग नव्हे, शिकण्याची प्रेरणाच त्यातून येते. मूल धीर सोडते आणि कमीपणा झाकण्यातच सारी शक्ती खर्च करू लागते, तेव्हा त्याचा गंड होतो. आपल्याकडे न्यूनगंड हा शब्द आला, पण हा फरक वाटेतच गळून पडला.

एप्रिल १९१० मध्ये या मंडळींच्या संस्थेत एक चर्चा झाली. अ‍ॅडलर तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते. विषय होता, विद्यार्थ्यांच्या आत्महत्या. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत शाळकरी मुलांच्या आत्महत्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरत होते आणि दोष कुणाचा, शाळेचा की घराचा, यावर वाद माजला होता. चर्चेला सुरुवात डेव्हिड अर्न्स्ट ओपनहाइम यांनी केली. ते डॉक्टर नव्हते, तर व्हिएन्नातील एका नामांकित शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवणारे शिक्षक होते. फ्रॉईड थोडक्यातच बोलले. मुलांना मरणाच्या दारात न ढकलणे एवढेच शाळेचे काम नाही, त्यांना जगावेसे वाटेल असा आधार देणे हेही शाळेचेच काम आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अ‍ॅडलर यांनी मुलाच्या मनातील कमीपणाच्या सलीकडे आणि जवळच्या माणसांविषयी साचत गेलेल्या कटुतेकडे लक्ष वेधले. या चर्चेची पुस्तिका त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ती आज चाळताना अस्वस्थ व्हायला होते. २०२२ या एका वर्षात भारतात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी शाळा की घर, हा वाद आपण त्याच शब्दांत घालतो आहोत.

पुढच्याच वर्षी फ्रॉईड आणि अ‍ॅडलर यांचे फाटले. माणसाच्या वागण्याच्या मुळाशी कामप्रेरणा आहे, हे अ‍ॅडलर यांना पटत नव्हते. फ्रॉईड यांना यात फितुरी दिसली. अ‍ॅडलर बाहेर पडले, त्यांच्याबरोबर काही सहकारीही गेले. त्यांत ओपनहाइम होते आणि कार्ल फुर्टम्युलर हे समाजवादी शिक्षकही होते. नव्या संस्थेचे नाव पुढे ‘वैयक्तिक मानसशास्त्र’ असे ठरले. हे नाव फसवे आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अविभाज्य असा होतो आणि अ‍ॅडलर यांना तोच अभिप्रेत होता. मुलाचे गणित, त्याचे खोटे बोलणे, त्याची पोटदुखी आणि त्याची मैत्री हे वेगवेगळे कप्पे नाहीत. १९१४ साली फुर्टम्युलर यांच्यासह त्यांनी ‘बरे करणे आणि घडवणे’ अशा अर्थाच्या नावाचा लेखसंग्रह प्रसिद्ध केला. डॉक्टर आणि शिक्षक यांची नावे एकाच मुखपृष्ठावर यावीत, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. विद्यापीठाला मात्र त्यात शास्त्र दिसले नाही. अध्यापनाच्या मान्यतेसाठी त्यांनी केलेला अर्ज व्हिएन्नाच्या वैद्यक विद्याशाखेने १९१५ साली फेटाळला.

तोवर पहिले महायुद्ध सुरू झाले होते. अ‍ॅडलर लष्करी डॉक्टर झाले. मानसिक दुखण्याने खचलेले सैनिक आघाडीवर परत पाठवण्याजोगे आहेत की नाहीत, हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळातील एका तरुणाची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. तो शिकवण्या करून म्हाताऱ्या आईवडिलांना पोसत होता. लष्करातून सुटका मिळावी म्हणून तो रडत होता आणि नियमाप्रमाणे ती देता येत नव्हती. त्या रात्री आपण कुणाचा तरी खून केला आहे, असे स्वप्न अ‍ॅडलर यांना पडले. या अनुभवानंतर त्यांच्या लिखाणात एक नवी कल्पना ठळक झाली. तिला मराठीत सहभाव म्हणता येईल. इतरांमध्ये आपली एक जागा आहे आणि त्यांच्या उपयोगी पडण्याजोगे आपल्यापाशी काही आहे, अशी ही जाणीव. ज्याच्यापाशी ती असते त्याचा कमीपणा त्याला पुढे नेतो आणि ज्याच्यापाशी नसते त्याला तो गिळतो, असे ते मांडू लागले.

युद्ध संपले, साम्राज्य कोसळले आणि व्हिएन्ना शहराची सत्ता समाजवाद्यांकडे आली. शहरात उपासमार होती. वडील युद्धात गेलेली, रस्त्यावर वाढणारी मुले हजारोंनी होती. ओटो ग्लोकेल या पूर्वाश्रमीच्या शिक्षकाने शाळांच्या सुधारणेचे काम हाती घेतले. शारीरिक शिक्षेला आणि घोकंपट्टीला त्यांचा विरोध होता. अ‍ॅडलर यांना हवे ते मैदान मिळाले. लोकविद्यालयात त्यांची व्याख्याने होत. ती संपली की शिक्षक वर्गातल्या अवघड मुलांचे प्रश्न घेऊन उभे राहत. त्यातूनच शाळांमध्ये मार्गदर्शन केंद्रे सुरू झाली आणि १९२० च्या दशकाअखेर त्यांची संख्या तीसच्या आसपास पोहोचली. केंद्रे विनामूल्य होती. तिथे काम करणारे डॉक्टर आणि शिक्षकही मोबदला न घेता येत.

या केंद्रांची पद्धत वेगळी होती. आधी शिक्षक मुलाविषयीचा लेखी अहवाल वाचून दाखवीत. अ‍ॅडलर एकेका वाक्यावर थांबत आणि पुढे काय असेल याचा अंदाज बांधत. मग आईला आत बोलावले जाई. तिला दोष द्यायचा नाही, हा दंडकच होता, कारण आपली झडती होणार या धास्तीनेच ती आलेली असे. शेवटी मूल येई. हे सारे शिक्षकांच्या आणि इतर पालकांच्या समोर चाले. एवढ्या लोकांपुढे मुलाला उभे करणे बरे नव्हे, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. आज कोणताही समुपदेशक असे करू धजणार नाही. मुलाची अडचण माणसांत वावरताना निर्माण झाली आहे, तेव्हा ती माणसांतच सुटली पाहिजे, असे अ‍ॅडलर यांचे त्यावर उत्तर होते. शिवाय या बैठकींत मुलापेक्षा शिक्षकच अधिक शिकत, हाही त्यांचा हेतू होता. एका डॉक्टरने एक मूल सुधारले तर एक मूल सुधारते. एका शिक्षकाची नजर बदलली तर दरवर्षी एक वर्ग बदलतो.

शिक्षकांना ते काय सांगत? आळशी मूल हे बहुधा हरण्याच्या भीतीने खेळ सोडून दिलेले मूल असते. प्रयत्न न करता नापास झाले तर मनाशी म्हणता येते, की केला असता तर जमले असते. प्रयत्न करून नापास झाले तर तेवढीही पळवाट राहत नाही. वर्गात विदूषकी करणारा, दांडगाई करणारा आणि सतत आजारी पडणारा, हे तिघेही एकच गोष्ट मागत असतात, ती म्हणजे वर्गात जागा. शाळेत ती चांगल्या मार्गाने मिळाली नाही तर मूल वाईट मार्गाने मिळवते. बुद्धिमापन चाचण्यांचे तेव्हा नवे वारे होते. मुलाचा बुद्ध्यंक ना मुलाला सांगावा, ना पालकांना, असे त्यांनी बजावले, कारण त्या आकड्याला सगळे अंतिम निकाल समजतात. प्रगतिपुस्तक लिहिताना ते कोणत्या घरी उघडले जाणार आहे याचा विचार करावा, असेही ते सांगत.

किशोरवयाविषयी त्यांचे मत प्रचलित समजुतीच्या विरुद्ध होते. अमेरिकेतील स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली आपल्या दोन खंडांच्या ग्रंथात किशोरवय हे वादळाचे वय ठरवले होते आणि ती कल्पना सर्वत्र पसरली होती. अ‍ॅडलर यांना हे वय म्हणजे नवा जन्म वाटत नसे. आधी जे घडले आहे त्याची ही परीक्षा असते. मुलाला आपण लहान राहिलो नाही हे सिद्ध करायचे असते आणि ज्याच्यापाशी ते सिद्ध करण्याचा सरळ मार्ग नसतो तो आडमार्ग धरतो. या वयात एक चमत्कारिक उलटापालट होते, असे त्यांनी नोंदवले. ज्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या ती मुले अचानक मागे पडू लागतात आणि सामान्य समजली गेलेली मुले पुढे येतात. आजवर कौतुक होत आले, आता ते टिकवता येईल का, या भीतीने पहिल्या गटाचे पाय लटपटतात. दुसऱ्या गटाला कुणाला निराश करण्याचे भय नसते. दहावीच्या गुणवत्ता यादीत झळकून बारावीत कोसळलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे सर्व पटण्याजोगे आहे. पण पटण्याजोगे आणि सिद्ध झालेले यांत अंतर असते. ते अंतर दाखवून देणारा माणूस याच केंद्रांत काम करीत होता. १९१९ साली सतरा वर्षांचा कार्ल पॉपर, पुढे विसाव्या शतकातील विज्ञानाचा एक मोठा तत्त्वज्ञ, अ‍ॅडलर यांच्याकडे स्वयंसेवक होता. त्याने एका मुलाची हकीकत अ‍ॅडलर यांना सांगितली. ती आपल्याला अ‍ॅडलर यांच्या सिद्धान्तात बसणारी वाटली नव्हती, असे पॉपर यांनी पुढे लिहिले. अ‍ॅडलर यांनी मूल न पाहताच तिचा उलगडा केला. इतकी खात्री कशी, असे विचारल्यावर त्यांनी आपल्या हजारपट अनुभवाचा दाखला दिला. यावर आता तो अनुभव एक हजार एक पट झाला असेल, असा टोला तरुणाने हाणला. कोणतेही उदाहरण ज्या सिद्धान्तात बसतेच, तो सिद्धान्त कधी चूक ठरणार तरी कसा? विज्ञान कशाला म्हणावे, या पॉपर यांच्या पुढील विचाराच्या मुळाशी असलेल्या अनुभवांत हाही एक होता.

अ‍ॅडलर यांची ही दुबळी बाजू होती आणि चरित्रकारांनी ती झाकू नये. ते मोजमाप करीत नव्हते. सुधारलेल्या मुलांच्या कहाण्या त्यांच्या पुस्तकांत भरपूर आहेत. पण मार्गदर्शन न मिळालेली तशीच मुले घेऊन कुणी तुलना केली नाही. थोरला, मधला, धाकटा या जन्मक्रमावरून स्वभाव ठरतो, हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय सिद्धान्त. २०१५ साली हजारो व्यक्तींच्या माहितीवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत जन्मक्रमाचा स्वभावाशी म्हणण्याजोगा संबंध आढळला नाही. थोरल्या भावाकडे बाकावरून पाहणाऱ्या एका मुलाचा अनुभव साऱ्या जगाचा नियम झाला होता, एवढेच.

तरीही एक प्रयोग असा होता की ज्यात कहाण्यांपेक्षा अधिक काही होते. १९३१ साली व्हिएन्नातील ब्रिगिटेनाऊ या गरीब कामगार वस्तीत, श्टाउडिंगरगासे या रस्त्यावरच्या शाळेत, ओस्कार श्पील, फर्डिनांड बिर्नबाउम आणि फ्रांट्स शार्मर या तीन शिक्षकांनी अ‍ॅडलर यांच्या विचारांवर शाळा चालवायला घेतली. शाळा महापालिकेचीच, मुलेही निवडलेली नव्हेत. दहा ते चौदा वर्षांचे मुलगे, मंदीचा काळ, अनेकांच्या वडिलांना काम नाही. ठरावीक वेळी वर्ग एकत्र बसे आणि आपापसांतल्या तक्रारींवर, चोरीवर, मारामारीवर मुलेच बोलत. शिक्षक न्यायाधीश न होता चर्चेत बसत. एखाद्या विषयात पुढे असलेल्याने मागे पडलेल्याला हात द्यायचा, अशी रीत होती. आज भांडखोर असलेला मुलगा उद्या कुणाचा तरी मदतनीस व्हावा, याची जागा शिक्षक जाणीवपूर्वक शोधत. एक मोठी गोष्ट त्यांनी साधली. सहभाव हा उपदेशाचा विषय न राहता वेळापत्रकाचा भाग झाला.

अ‍ॅडलर स्वतः तोपर्यंत व्हिएन्नात कमी आणि अमेरिकेत अधिक असत. १९२६ पासून त्यांचे तिकडे दौरे सुरू झाले होते. पन्नाशी उलटल्यावर शिकलेल्या, जड उच्चाराच्या इंग्रजीत ते सभागृहे भरवत. १९३२ साली न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. मायदेशाच्या विद्यापीठाने नाकारलेला मान परदेशाने दिला. व्हिएन्ना शहरानेही १९३० साली साठीनिमित्त त्यांचा सन्मान केला. पण त्या समारंभात महापौरांनी त्यांची ओळख फ्रॉईड यांचे शिष्य अशी करून दिली आणि ते अ‍ॅडलर यांच्या जिव्हारी लागले, असे सांगितले जाते. दुसऱ्यांच्या कमीपणाची सल ओळखणाऱ्या माणसाची स्वतःची सल साठीतही बुजली नव्हती.

फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियात यादवी झाली. समाजवाद्यांचा पाडाव होऊन हुकूमशाही सरकार आले. ग्लोकेल यांना अटक झाली. मार्गदर्शन केंद्रे बंद झाली आणि श्टाउडिंगरगासेचा प्रयोगही थांबला. पंधरा वर्षांत उभे राहिलेले काम काही आठवड्यांत संपले. राइसा यांनाही अल्पकाळ तुरुंगात राहावे लागले आणि त्यानंतर त्या पतीकडे अमेरिकेत गेल्या. थोरली व्हॅलेंटाइन पतीसह मॉस्कोला गेली होती. १९३७ च्या सुरुवातीला तिची पत्रे थांबली. वडील व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. ओळखीपाळखीच्यांना लिहून ते तिचा तपास करीत राहिले. त्यांना झोप लागत नसे. २८ मे १९३७ रोजी सकाळी स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहरात ते फिरायला बाहेर पडले आणि युनियन स्ट्रीटवर हृदयविकाराच्या झटक्याने कोसळले. रुग्णालयात नेतानाच त्यांचे निधन झाले. वय ६७. व्हॅलेंटाइन स्टालिनच्या छळछावणीत १९४२ साली वारली, हे कुटुंबाला आणखी दहा वर्षांनी समजले. तेही अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी शब्द टाकल्यानंतर.

सहकाऱ्यांचे पुढे काय झाले? १९१० च्या चर्चेला तोंड फोडणारे शिक्षक ओपनहाइम ज्यू होते. १९४३ साली टेरेझिनश्टाट येथील नाझी छावणीत त्यांचा अंत झाला. तत्त्वज्ञ पीटर सिंगर हे त्यांचे नातू. त्यांनी २००३ साली आजोबांचे चरित्र लिहिले. श्पील आणि बिर्नबाउम यांनी नाझी राजवटीची वर्षे व्हिएन्नातच काढली आणि युद्ध संपताच श्पील यांनी आपली शाळा पुन्हा सुरू केली.

शाळेत आपली जागा आहे असे मुलाला वाटणे हा खरोखरच एवढा महत्त्वाचा घटक आहे का, याचे मोजमाप अ‍ॅडलर यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने सुरू झाले. अमेरिकेत सातवी ते बारावीच्या १२,११८ मुलामुलींच्या मुलाखतींवर आधारित एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. घराशी आणि शाळेशी जोडलेले असण्याची भावना ज्यांच्यापाशी होती, त्यांच्यात मानसिक त्रास, आत्महत्येचे विचार आणि हिंसा यांचे प्रमाण कमी आढळले. हे झाले संबंधाचे मोजमाप. जाणूनबुजून ही भावना वाढवली तर फरक पडतो का, हा पुढचा प्रश्न. त्याचे एक ठोस उत्तर भारतातूनच आले. गोव्यातील सांगाथ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडण्यात आले. एका गटात कार्यक्रम राबवण्यासाठी विशेष पदवी नसलेला, पण प्रशिक्षण दिलेला समुपदेशक नेमला. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्या गटात तो नव्हता. मुलांनी आपले म्हणणे चिठ्ठीवर लिहून टाकावे यासाठी पेटी, भित्तिपत्रक, प्रार्थनेच्या वेळी चर्चा, गरज असेल त्याला एकट्याने बोलण्याची सोय, असा तो साधा कार्यक्रम होता. समुपदेशक असलेल्या शाळांत वर्षभरात वातावरण सुधारले, दादागिरी आणि हिंसा घटली, नैराश्याची लक्षणे कमी झाली. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

शिक्षकाने चालवलेल्या कार्यक्रमाचा मात्र काही परिणाम दिसला नाही. अ‍ॅडलर यांनी सारी भिस्त ठेवली होती ती शिक्षकावर. याचा अर्थ शिक्षक कुचकामी, असा घेणे अन्यायाचे होईल. अभ्यासक्रम, परीक्षा आणि सरकारी कामे यांच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक काम टाकले तर काय होते, एवढेच त्यातून दिसते. व्हिएन्नाच्या शिक्षकांमागे एक अख्खी नगरपालिका उभी होती.

अ‍ॅबरडीनला निधन झाल्यावर अ‍ॅडलर यांच्या पार्थिवाचे दहन एडिंबरोच्या वॉरिस्टन स्मशानगृहात झाले. त्यानंतर महायुद्ध आले, कुटुंब अटलांटिकपलीकडे राहिले आणि अस्थी कुठे आहेत याचा पत्ता हरवला. २००७ साली त्या त्याच स्मशानगृहात सापडल्या. सत्तर वर्षे त्यांना न्यायला कुणी आले नव्हते. २०११ साली त्या व्हिएन्नाला आणून तिथल्या मध्यवर्ती दफनभूमीत पुरण्यात आल्या.